पित्ताच्या नावाखाली हरवलेले तास

‘पित्त उसळलंय’ हे दोन शब्द कोल्हापूर जिल्ह्यात निदान म्हणून चालतात, आणि निदानाचा शेवट म्हणूनही चालतात. रात्रीच्या तांबड्या रश्श्यानंतर सकाळी मळमळले की पित्त, लग्नघरच्या जागरणाने डोके चढले की पित्त, उसाच्या फडातून परतलेल्या गड्याला भोवळ आली तरी पित्तच. सोलकढी, लिंबाचे सरबत, खायच्या सोड्याची चिमूट, नाहीतर औषधाच्या दुकानातून आणलेली एखादी गोळी एवढ्यावर बहुतेकांचे भागते, आणि भागते म्हणूनच या शब्दाचा अधिकार टिकून आहे. पुष्कळदा खरा ठरणारा हा तर्क एखाद्या वेळी जिवावर बेततो, तो याच कारणाने. त्या वेळीही त्याच्यावर शंका घ्यावी असे कोणाला वाटत नाही.

अशा एका वेळेची कल्पना करून पाहावी. घरातील साठीच्या गृहस्थांना दहा-बारा वर्षांचा मधुमेह आहे. दोन दिवस ताप येतो, अन्नावरची वासना उडते. जेवणच नाही तर इन्सुलिन कशाला, असा सरळ हिशेब घरची माणसे करतात आणि सुई बंद होते. तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू होतात. पोटात कळा येतात, घशाला कोरड पडते, श्वास धापा टाकल्यासारखा खोल होतो. पित्त म्हणून सरबत दिले जाते आणि अंगात त्राण यावे म्हणून त्यात साखर अंमळ जास्तच घातली जाते. रात्री उलटीतून कॉफीच्या चोथ्यासारखे काळपट काही पडते, तेव्हा घर हादरते. वाहन मिळून रुग्णालय गाठेपर्यंत उजाडलेले असते. तेथे बोटावरच्या थेंबाने साखर मोजणारे यंत्र आकडा दाखवीत नाही. साखर आपल्या मापापलीकडे गेली आहे, एवढेच सांगून ते थांबते. पुढे रक्त कोठून येते हे पाहण्यासाठी दुर्बीण घशाखाली उतरविली जाते, तेव्हा क्वचित एखाद्या रुग्णात जे दिसते ते पाहून अनुभवी डॉक्टरही क्षणभर थबकतो. अन्ननलिकेचा खालचा भाग कोळशासारखा काळा पडलेला असतो, आणि जेथे जठर सुरू होते तेथे हा काळा रंग रेघ मारल्यासारखा थांबलेला असतो.

वैद्यकशास्त्रात या अवस्थेला ‘काळी अन्ननलिका’ असेच साधे नाव पडले आहे. शवविच्छेदनात ती पूर्वीही आढळली होती. जिवंत रुग्णात दुर्बिणीने पाहून तिचे वर्णन झाले ते 1990 साली. 2007 साली अमेरिकेतील डॉ. ग्रिगोरी गुरविट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवर जगभर नोंदल्या गेलेल्या रुग्णांचा एकत्र विचार केला. तेव्हा त्यांची संख्या शंभरीपर्यंतही पोचली नव्हती. पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या सुमारे चौपट, वय बहुधा साठीच्या पुढचे, आणि दगावणारे जवळजवळ एकतृतीयांश, असे चित्र त्यातून उभे राहिले. मात्र या मृत्यूंपैकी थोडेच प्रत्यक्ष अन्ननलिकेमुळे घडलेले होते. बाकीचे रुग्ण गेले ते ज्या मूळ दुखण्याने अन्ननलिका काळी पाडली त्या दुखण्याने. हा भेद महत्त्वाचा आहे.

असे होते तरी कसे, हे समजण्यासाठी वैद्यकाची पदवी लागत नाही. इन्सुलिन पुरेसे नसले की रक्तात साखर मुबलक असूनही पेशी उपाशी राहतात. शरीर मग चरबी जाळू लागते, तिच्या ज्वलनातून किटोन नावाची आम्ले तयार होतात आणि रक्तच आम्लधर्मी होऊ लागते. डॉक्टर या अवस्थेला ‘डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस’ म्हणतात. इकडे वाढलेली साखर लघवीवाटे बाहेर पडताना शरीरातले पाणी आणि क्षार ओढून नेते. प्रौढ माणसाच्या अंगातून अशा रीतीने पाच-सहा लिटर पाणी निघून गेलेले असू शकते. रक्ताचे आकारमान घटते, दाब उतरतो, आणि मेंदू व हृदय जगविण्याच्या धडपडीत शरीर पचनमार्गाचा पुरवठा आवरता घेते. अन्ननलिकेच्या खालच्या भागाकडे मुळातच रक्तवाहिन्यांचे जाळे विरळ असते. कालव्याच्या शेवटच्या टोकावरच्या रानाला पाणी कमी पडावे, तशी त्या भागाची स्थिती होते. त्यातच जठराची हालचाल मंदावलेली असते. साचलेले आम्ल उलटीबरोबर वर येते आणि ज्या आवरणाला रक्ताअभावी स्वतःचे रक्षण करण्याचे बळ उरलेले नाही, त्यावर पुन्हा पुन्हा आदळते. रक्त तुटणे आणि आम्लाचा मारा होणे यांपैकी एकच गोष्ट घडली असती तर आतले अस्तर बहुधा तग धरून राहिले असते. दोन्ही एकदम घडल्या म्हणजे ते मरते आणि काळे पडते.

या आजाराच्या इतिहासात एक चमत्कारिक योगायोग आहे. मधुमेही बेशुद्धीच्या वाटेवर असलेल्या रुग्णाचा तो खोल, घाईचा श्वास प्रथम नीट टिपला तो आडोल्फ कुसमाउल या जर्मन वैद्याने, 1874 साली. आजही जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत तो श्वास त्याच्याच नावाने शिकविला जातो. त्याच कुसमाउलने त्याआधी, 1868 साली, तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या एका माणसाच्या घशातून सरळ नळी उतरवून जठरात डोकावण्याचा पहिला प्रयत्न केला होता. म्हणजे या विकाराचे अगदी बाहेरचे लक्षण ओळखणारा आणि त्याचे अगदी आतले स्वरूप ज्या वाटेने पुढे दिसले ती वाट चोखाळणारा वैद्य एकच. त्यातले पहिले काम, म्हणजे श्वास पाहणे, यास आजही कोणतेही यंत्र लागत नाही. रुग्णाच्या उशाशी बसून त्याची छाती कशी हलते आहे आणि त्याच्या तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो आहे काय, एवढे निरखणे पुरते. वाडीवस्तीवरच्या डॉक्टरपाशी याहून अधिक साधन नसले तरी तो फार मोठे काम करू शकतो.

इतक्या दुर्मिळ विकारासाठी वर्तमानपत्राने जागा खर्चावी काय, असा प्रश्न कोणी विचारील आणि तो गैरलागू नाही. दुर्बिणीखाली आलेल्या हजारो रुग्णांत एखाद्यातच ही अवस्था आढळते. मधुमेह्याच्या कॉफीसारख्या उलटीमागे बहुतेक वेळा जठराचा किंवा अन्ननलिकेचा साधा दाहच असतो. परंतु दुर्मिळ असतो तो काळा रंग. त्याच्यापर्यंत नेणारी वाट मुळीच दुर्मिळ नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे साडेतेरा कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांपैकी ज्यांचे इन्सुलिन तापात, प्रवासात, पैशाअभावी किंवा निव्वळ गैरसमजाने तुटते, ते सारे त्या वाटेवर कधी ना कधी पाऊल टाकतात. काहीजण अर्ध्या वाटेवरून परततात, काही परतत नाहीत. अन्ननलिका काळी पडलेली दिसते, तेव्हा ती या रुग्णाचे किती तास वाया गेले याचा पंचनामाच पुढे ठेवते.

हे तास पहिल्यांदा घरात जातात. आजारपणात अन्न जात नाही म्हणून इन्सुलिन थांबविणे, हा समज इतका पक्का आहे की शिकलेल्या घरांतही तो आढळतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ताप, जंतुसंसर्ग, जुलाब अशा प्रत्येक दुखण्यात शरीराची इन्सुलिनची गरज वाढत असते. मात्रा कमी-अधिक करावी लागेल, ती डॉक्टरला विचारून करावी, साखर चार-सहा तासांनी मोजावी, पाणी घोट घोट पीत राहावे. इन्सुलिन मुळीच बंद करणे मात्र धोक्याचे, आणि ज्यांचा देह लहानपणापासून बाहेरच्या इन्सुलिनवरच चालतो त्यांच्या बाबतीत तर ते जिवाशी खेळणे होय. ही एवढी गोष्ट इन्सुलिन लिहून देताना रुग्णाच्या पत्नीला किंवा सुनेला बसवून समजावून सांगायला पाच मिनिटे पुरतात. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तीच पाच मिनिटे सर्वांत महाग असतात, हेही मान्य केले पाहिजे. पण ती वाचविण्याची किंमत पुढे अतिदक्षता विभागात मोजावी लागते.

दुसऱ्यांदा तास जातात ते पहिल्या दवाखान्यात. उलटी थांबविणारे इंजेक्शन, आम्ल कमी करणारे इंजेक्शन आणि एक सलाईन, ही त्रयी गावोगावच्या दवाखान्यांत इतकी रुळली आहे की ती देण्यापूर्वी रुग्णाला मधुमेह आहे काय, एवढे विचारण्याचेही भान राहत नाही. विचारले तरी मोजले जातेच असे नाही. साखर मोजणारे यंत्र आज हातघड्याळाच्या किमतीत मिळते, निकाल अर्ध्या मिनिटात देते. लघवीतील किटोन दाखविणारी पट्टी त्याहूनही स्वस्त आहे. उलट्या करणाऱ्या प्रत्येक प्रौढ रुग्णाच्या बोटाचा एक थेंब पाहिल्याखेरीज त्याला ‘पित्ता’च्या रकान्यात टाकू नये, असा दंडक जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांनी, उपकेंद्रांनी आणि खाजगी व्यावसायिकांच्या संघटनांनी स्वतःवर घालून घेतला, तर त्याला ना नवे अंदाजपत्रक लागेल ना नवा कायदा. मात्र पट्ट्या संपल्या म्हणून यंत्र कपाटात ठेवून दिले जाणार असेल, तर असला दंडक कागदावरच राहील. यंत्र एकदा घेतले की भागते, पट्ट्या दर महिन्याला घ्याव्या लागतात. सरकारी खरेदीच्या पद्धतीला पहिली गोष्ट सहज समजते आणि दुसरी समजत नाही, हा अनुभव केवळ मधुमेहापुरता नाही.

येथे एका नव्या गुंतागुंतीचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांचा एक वर्ग गेल्या काही वर्षांत फार प्रचारात आला आहे. त्यांतील डॅपाग्लिफ्लोझिन या औषधावरील पेटंटची मुदत भारतात 2020 साली संपली आणि ते एकाएकी स्वस्त झाले. औषध गुणाचे आहे. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्याचा लाभ होतो, याविषयी वाद नाही. पण ते घेणाऱ्या माणसाने कडक उपवास केला, किंवा तो तापाने अन्नावाचून पडून राहिला, तर रक्तातील साखर फारशी न वाढताही किटोन वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2015 सालीच तसा इशारा दिला होता. म्हणजे येथे बोटाचा थेंब फसवितो. आकडा दीडशे-दोनशेच्या घरात दिसतो, डॉक्टर निश्चिंत होतो, आणि आत रक्त आंबत राहते. ज्या शहरात अंबाबाईच्या नवरात्रात घरोघर नऊ दिवसांचे उपवास श्रद्धेने पाळले जातात, तेथे ही गोळी लिहून देणाऱ्याने उपवासाची विचारपूस करणे हा शिष्टाचाराचा नव्हे, तर उपचाराचा भाग मानला पाहिजे. उपवास करू नका असे सांगून कोणी ऐकत नाही, हे कोल्हापुरात व्यवसाय करणारा प्रत्येक डॉक्टर जाणतो. उपवासाच्या दिवसांत ही गोळी घ्यावी की नाही ते मला विचारा, असे सांगितले तर बहुतेक लोक ऐकतील.

तिसऱ्यांदा तास जातात ते रस्त्यावर, आणि या जिल्ह्याच्या बाबतीत ही गोष्ट अलंकारिक नाही. चंदगडचा रुग्ण कोल्हापूरला आणायचा तर शंभर किलोमीटरहून अधिक अंतर तोडावे लागते. गगनबावड्याच्या रस्त्यावर मांडुकलीजवळ पावसाळ्यात पाणी आले की पलीकडचा मुलूख तुटतो. ही काही शतकातून एकदा येणारी आपत्ती नव्हे, ती बहुतेक पावसाळ्यांची रीत आहे. 2019 च्या ऑगस्टात तर पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरील 43 फुटांची धोक्याची रेषा केव्हाच मागे टाकली, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली राहिला, चिखली-आंबेवाडीची माणसे नावांतून बाहेर काढावी लागली. 2021 च्या जुलैत त्याचीच पुनरावृत्ती झाली. त्या दिवसांत दूध, पेट्रोल, पिण्याचे पाणी यांच्या टंचाईची चर्चा झाली, ती योग्यच होती. परंतु छावणीत आलेल्या माणसाची पिशवी घाईत घरी राहिली आणि तिच्यात इन्सुलिनची कुपी होती, याची नोंद कोणत्या रजिस्टरात होणार होती? पूरग्रस्ताला धान्य किती द्यायचे, याचे शासकीय कोष्टक आहे. त्याच्या इन्सुलिनचा हिशेब कोणत्या रकान्यात बसवायचा?

इन्सुलिन बर्फात ठेवावे लागते म्हणून पुरात ते निरुपयोगीच, अशीही एक समजूत आढळते. न उघडलेला साठा थंड जागी ठेवावा लागतो हे खरे, पण वापरात असलेली कुपी साधारण तापमानात सुमारे चार आठवडे चांगली राहते. वीज गेली असता ओल्या वाळूत ठेवलेला मातीचा माठ शीतकपाटाचे काम पुष्कळ अंशी करतो. बीड-उस्मानाबादकडून, म्हणजे आजच्या धाराशिवकडून, दर हंगामात जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या उसाला येणारे तोडणी कामगार ज्या कोपींत राहतात तेथे वीज बारमाहीच नसते. त्यांच्यातल्या मधुमेह्यांसाठी माठाची ही युक्ती पुरापुरती नसून सहा महिन्यांची आहे. साखरेच्या उत्पादनावर ज्या जिल्ह्याचे अर्थकारण उभे आहे, तेथील कारखान्यांनी हंगामाच्या आरंभी तोडणी टोळ्यांच्या आरोग्यतपासणीत साखरेची चाचणी घालून इन्सुलिनवर असलेल्यांची यादी करून ठेवली, तर टनामागे पडणारा त्याचा खर्च हिशेबात दिसणारदेखील नाही.

रुग्ण कोल्हापुरात पोचल्यानंतरचा भाग त्या मानाने सोपा आहे. छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘सीपीआर’, हे या जिल्ह्यापुरते नाही. घाट चढून येणारा सिंधुदुर्ग-रत्नागिरीचा रुग्ण आणि सीमा ओलांडून येणारा निपाणी-चिक्कोडीचा रुग्ण, दोघांचाही भरवसा त्याच्यावर असतो. उपचाराची तत्त्वे ठरलेली आहेत. शिरेतून भरपूर क्षारजल, पोटॅशियमवर बारीक नजर ठेवून इन्सुलिन, आम्ल रोखणारे औषध, आणि काही काळ तोंडाने काही नाही. एक सवय मात्र येथे आवरावी लागते. उलट्या होणाऱ्या रुग्णाच्या नाकातून जठरात नळी सरकविणे हा वॉर्डातील नित्याचा उपाय आहे, पण मेलेल्या अस्तरावरून आंधळेपणाने सरकविलेली नळी अन्ननलिका फाडू शकते. म्हणून मधुमेही संकटात आलेल्या रुग्णाने काळी उलटी केली असेल, तर प्रकृती सावरताच एंडोस्कोपी करून आत काय आहे ते पाहावे हे शहाणपणाचे. ती सोय रात्री-अपरात्री सरकारी रुग्णालयात असावी, ही मागणी चैनीची म्हणता येणार नाही. अन्यथा रात्री आलेला गरीब रुग्ण सकाळची वाट पाहतो, आणि ज्याच्यापाशी पैसे आहेत तो खाजगी रुग्णालयाच्या दारात उभा राहतो.

रक्तपुरवठा परत मिळाला की काळे पडलेले अस्तर बहुतेकांत काही आठवड्यांत गळून नवे येते, ही या विकारातील आश्वासक बाजू आहे. काहींच्या नशिबी मात्र व्रण भरताना नळी आकसते आणि भाकरीचा घास उतरेनासा होतो. मग ती पुन्हा पुन्हा रुंद करून घ्यावी लागते. असा माणूस घरी परतल्यावर ‘पित्ताचा त्रास होता, आता बरा आहे’ असे सांगतो. त्याच्या घरी गेलेल्या कागदावर काय लिहिले आहे ते बहुधा इंग्रजीत असते आणि कोणी वाचून दाखवीत नाही, तेव्हा पुढच्या तापात सुई पुन्हा बंद होण्याचा संभव कायम राहतो. घरी पाठविताना दोन ओळी मराठीत लिहून देणे एवढ्याने हा संभव पुष्कळ कमी होईल.

लोकमान्य टिळकांना मंडालेच्या तुरुंगात मधुमेहाशी झुंजताना पथ्यावरच भिस्त ठेवावी लागली, कारण दुसरे काही अस्तित्वातच नव्हते. ते 1920 च्या ऑगस्टात गेले, आणि टोरांटोतील चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनची पहिली सुई टोचली गेली ती 1922 च्या जानेवारीत. जागतिक आरोग्य संघटनेने 1977 साली अत्यावश्यक औषधांची पहिली यादी केली, तीत इन्सुलिन होते. औषध नाही ही सबब शंभर वर्षांपूर्वीच संपली आहे.

दरवर्षी मे महिन्यात जिल्हा प्रशासन पूरपूर्व आढावा घेते. नावा किती, पोहणारे किती, धान्य कोठे साठविले, याची मोजदाद होते. त्याच बैठकीत, पाणी येताच तुटणाऱ्या गावांतील इन्सुलिनवर जगणाऱ्या माणसांची यादी आशा सेविकांकडून मागवावी आणि प्रत्येकामागे दोन महिन्यांच्या कुप्या, सुया आणि पट्ट्या पलीकडच्या आरोग्य केंद्रात जूनपूर्वी पोचत्या कराव्यात. मांडुकलीच्या रस्त्यावर पाणी चढल्यानंतर ती यादी करून उपयोग नाही.